साईटवरचे धोके कसे ओळखायचे, मोजायचे आणि आधी कोणता हाताळायचा: कोल्हापुरात काम सुरू करणाऱ्या नव्या इंजिनीअरसाठी

मंगळवार पेठेतल्या एका गल्लीत जुनं घर पाडून आम्ही पायाची खुदाई काढली होती. एप्रिल संपत आला होता. शेजारच्या घराची भिंत आमच्या हद्दीला अगदी चिकटून, खाली दगड आणि वर पांढरी माती, चांगली जुनी. माझ्या वहीत धोक्यांची यादी होती, प्रत्येकाला गुण दिले होते, क्रम लावला होता. पहिल्या नंबरला सळईचे वाढते दर. 'शेजारच्या भिंतीला तडा' ही ओळ नवव्या नंबरला.

एका संध्याकाळी वळीव आला. तासभर नुसता कोसळला. रात्री खड्ड्याची कड ढासळली आणि शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराची भिंत आमच्या खड्ड्यात आली. घरातल्या आजी त्या रात्री पुढच्या खोलीत झोपल्या होत्या, म्हणून वाचल्या. सकाळी खुदाईच्या टोळीतला एक बिगारी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "साहेब, तिथली माती परवापासनंच सुटाय लागली हुती. मी बोललो हुतो की."

तो बोलला होता, पण माझ्यापर्यंत ते आलं नव्हतं. यादी मी ऑफिसात बसून केली होती. जिवाचा धोका आणि पैशाचा धोका एकाच तागडीत तोलले होते. आणि भिंतीवर रोज नजर कुणी ठेवायची, हे कुठंच लिहिलं नव्हतं. डिप्लोमा किंवा बी.ई. करून पहिल्यांदा साईटवर उभं राहणाऱ्या मुलामुलींना ही चूक करावी लागू नये, म्हणून सगळी पद्धत इथं क्रमानं मांडतो.

आधी एक शब्द नीट समजून घ्या. जे घडून गेलंय ती अडचण, जे अजून घडलेलं नाही पण घडू शकतं तो धोका. सिमेंट संपलंय ही अडचण. पुढच्या महिन्यात महामार्ग बंद पडून सिमेंट येणार नाही, हा धोका. नवी माणसं यादीत अडचणीच भरतात, कारण त्या डोळ्यांना दिसतात.

पायरी १ : फाईल उघडण्याआधी साईट पायी फिरा

एकदा सकाळी, एकदा भर दुपारी आणि जमलं तर एकदा पावसात. हातात नकाशा नको, वही असू द्या. आजूबाजूच्या चार घरांत जा आणि विचारा, "पाणी कुठंपर्यंत आलं होतं?" कोल्हापुरात या प्रश्नाला वर्ष सांगावं लागत नाही. लोक २००५, २०१९ आणि २०२१ अशी महापुराची तिन्ही सालं आपणहून सांगतात, कुणी भिंतीवरची खूणही दाखवतात. ती खूण तुमच्या प्लॉटच्या लेव्हलला जोडून घ्या. डंपी लेव्हल (उंची-सखलपणा मोजायची दुर्बीण) लावून अर्ध्या तासात होणारं काम आहे, आणि पुढच्या कितीतरी निर्णयांचा पाया तिथंच पडतो.

शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर या भागांत पंचगंगा नदी लांब वाटते, पण पाणी जयंती नाल्यातून आणि गटारींतून उलटं चढतं. त्यामुळे नदीकडे बघत बसाल तर मागून भिजाल. नाला कुठं आहे, साईटजवळची गटार कुठं जाऊन मिळते, हे वहीत हवं.

मग जमीन. नदीकाठच्या पट्ट्यात काळी माती मिळते, ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसून भेगाळते. पाचगाव, आर. के. नगर, उजळाईवाडीकडच्या चढावर मुरूम लवकर लागतो आणि त्याखाली काळा पाषाण. तिथं धोका वेगळा: खडक फोडायचा ब्रेकर लावला की शेजारच्या घरांना हादरे. पेठांमध्ये आणखी एक गोष्ट विचारायचीच, जुना आड कुठं होता का? जुन्या वाड्यांमध्ये आड असायचे, नळ आल्यावर ते राडारोडा टाकून बुजवले गेले. नकाशावर त्यांचा मागमूस नसतो. नेमका तुमच्या कॉलमखाली असा आड निघाला तर फुटिंगचं, म्हणजे कॉलमच्या बुडाच्या पायाचं, डिझाईनच बदलतं. घरातल्या वयस्कर बाईंना विचारा. पाणी त्यांनीच शेंदलेलं असतं, त्या बोट करून जागा दाखवतात.

वर बघा. विजेच्या तारा स्लॅबच्या किती जवळून जातात? गल्लीत काँक्रीट आणणारा ट्रान्झिट मिक्सर वळतो का? साईट विमानतळाच्या बाजूला असेल तर इमारतीच्या उंचीची परवानगी वेगळी लागते का, हे पहिल्याच आठवड्यात तपासा.

आणि माणसांना विचारा. मुकादम, सेंट्रिंगवाला (स्लॅबखाली फळ्या आणि टेकू उभे करणारा), सळई बांधणारा, गवंडी, वॉचमन, प्रत्येकाला एकेकट्याला गाठून एकच प्रश्न करा: "या कामात तुम्हाला कशाची भीती वाटते?" चारचौघांत कुणी बोलत नाही. चहाच्या टपरीवर बोलतात. माझ्या याद्यांतल्या सगळ्यात कामाच्या ओळी अशाच मिळाल्यात.

पायरी २ : प्रत्येक धोका पूर्ण वाक्यात लिहा

'पाऊस', 'मजूर', 'दर' असे सुटे शब्द लिहून काही उपयोग नाही. कशामुळे, काय घडेल आणि त्यातून काय होईल, हे तिन्ही एका वाक्यात यायला हवं. उदाहरणार्थ:

"वळवाचा पाऊस खड्ड्यात साठल्यामुळे कड ढासळेल आणि शेजारची मातीची भिंत पडेल."

"दिवाळीला गावी गेलेली सेंट्रिंगची टोळी वेळेत न परतल्यामुळे तिसरा स्लॅब तीन आठवडे लांबेल."

असं लिहिलं की उपाय वाक्यातूनच दिसायला लागतात. पहिल्या वाक्यात पाऊस तुमच्या हातात नाही, पण पाणी साठणं आहे: कडेनं चर काढता येतो, पंप ठेवता येतो, खुदाई एकदम न काढता टप्प्याटप्प्यानं काढता येते. नुसतं 'पाऊस' लिहिलं असतं तर आभाळाकडे बघण्यापलीकडे काही सुचलं नसतं.

एका मध्यम इमारतीला अशी वीस-पंचवीस वाक्यं पुरतात. शंभर लिहिलीत तर कुणी वाचणार नाही.

पायरी ३ : दोन याद्या करा, एक जिवाची आणि एक पैशाची

ही पायरी कुठल्याही तक्त्यात सहसा नसते, पण माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची हीच. प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न विचारा: यात माणूस मरू शकतो का, किंवा कायमचा अधू होऊ शकतो का? उत्तर 'हो' असेल तर ते वाक्य लाल पानावर. लाल पानावर गुणाकार नाही, तुलना नाही. 'शक्यता कमी आहे, म्हणून तूर्त राहू दे' हे वाक्य त्या पानावर चालत नाही. तिथल्या प्रत्येक ओळीला काम सुरू होण्याआधी उपाय हवा. क्रम लावायचाच असेल तर कोणतं काम आधी सुरू होतंय, त्याखाली किती माणसं किती वेळ असणार आणि इशारा मिळायला किती अवधी असेल, यावरून लावा. मातीची कड कोसळताना क्षणाचाही अवधी देत नाही.

लाल पानावर बहुतेक साईटवर पाच गोष्टी येतातच: उंचीवरून पडणं, खुदाई ढासळणं, सेंट्रिंग कोसळणं, विजेचा धक्का आणि वरून वस्तू डोक्यात पडणं.

खुदाईचं भारतीय मानक, आयएस ३७६४, सांगतं की दीड मीटरपेक्षा खोल चर असेल तर बाजूंना आधार हवा. खणलेली माती कडेपासून किमान दीड मीटर, किंवा खोलीच्या निम्मं अंतर, यातलं जे जास्त असेल तेवढी लांब टाकायची. आपल्याकडे माती कडेलाच ढीग करतात, कारण पुन्हा भरायला सोपी पडते. तोच ढीग कडेवर वजन टाकतो. पेठेतल्या अरुंद प्लॉटवर माती टाकायला जागाच नसते, तिथं ट्रॅक्टर लावून ती लगेच बाहेर न्यायचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरा.

सेंट्रिंगबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण नव्या इंजिनीअरला तिथं काय बघायचं हेच माहीत नसतं. स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी खाली उतरा आणि प्रत्येक टेकूला हातानं धक्का द्या. भार नीट घेतलेला टेकू गच्च असतो. न घेतलेला हलतो, ठक ठक वाजतो. आमचा जुना सेंट्रिंगवाला म्हणायचा, "ह्यो टेकू बोलतोय साहेब, पाचर मारा." मग बुडाकडे बघा. टेकू भरावाच्या मुरमावर उभा आहे का? त्याखाली आडवी फळी आहे की नुसती वीट? विटेवर उभा केलेला टेकू पाऊस पडून भराव बसला की एका बाजूला जातो, आणि एक गेला की त्याचा भार शेजारच्यावर. टेकूंना आडवे-तिरपे बांध आहेत का? हे सगळं बघायला पाऊण तास लागतो. त्या पाऊण तासाशिवाय स्लॅब भरायची परवानगी देऊ नका, मिक्सर दारात येऊन उभा असला तरी.

टेकू काढायची घाईही तितकीच जीवघेणी. काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस. तुळईखाली सहा मीटरपर्यंत १४ दिवस आणि त्याहून लांब असेल तर २१ दिवस. हे साध्या सिमेंटसाठी आणि हवा १५ अंशांच्या खाली न गेलेली असताना. आपल्याकडे बहुतेक वापर पीपीसीचा (पोझोलाना मिसळलेल्या सिमेंटचा) असतो, त्याला ताकद यायला जास्त वेळ लागतो, म्हणून दिवस वाढवा आणि आरसीसी डिझायनरला विचारूनच टेकू हलवा. वरचा स्लॅब भरताना खालच्या मजल्याचे टेकूही जागेवर ठेवायचे का, हेही त्यांनाच विचारा.

विजेचं एकच सांगतो. क्युरिंगचं, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायचं, पाणी आणि जोड दिलेली वायर एकाच फरशीवर असते. मुख्य बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा आणि दर सोमवारी त्याचं टेस्टचं बटण दाबून बघा.

उपाय निवडताना हेल्मेट आणि सेफ्टी बेल्ट हे शेवटचे धरा. आधी बघा, धोकाच काढून टाकता येतो का? लिफ्टच्या डक्टचं तोंड फळ्यांनी खिळे मारून बंद केलं, तर तिथं 'सावध राहा' अशी पाटी लावायची गरजच उरत नाही. सळई खालीच बांधून वर नेता आली, तर उंचीवरचे तास कमी होतात. ते जमलं नाही तर कठडा, जाळी. त्यानंतर नियम. आणि मग बेल्ट, तोही पक्क्या जागी अडकवलेला. कमरेला बांधून मोकळा लोंबणारा बेल्ट कुणाला वाचवत नाही.

कामगारांची नोंदणी हाही याच पानाचा भाग. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराला राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. ९० दिवसांचा दाखला द्यायला टाळाटाळ करू नका. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर याचसाठी घेतला जातो.

पायरी ४ : शक्यता, जमेल तिथं आकड्यानं

आता पैशाची यादी, म्हणजे खर्च आणि वेळ. समजा, नागाळा पार्कच्या बाजूला पुराच्या लाल रेषेच्या आत (तिचा अर्थ पुढे येतो) पार्किंग अधिक चार मजल्यांची इमारत आहे, खर्च ४ कोटी, मुदत १६ महिने, आणि मध्ये दोन पावसाळे येतात.

शक्यतेला १ ते ५ गुण द्या, पण प्रत्येक गुणाचा अर्थ आधी ठरवून लिहा. मी असा धरतो: पाच टक्क्यांच्या आत १, वीसपर्यंत २, चाळीसपर्यंत ३, सत्तरपर्यंत ४, त्यापुढे ५. अर्थ न ठरवता गुण दिले की एकाचा ३ आणि दुसऱ्याचा ३ यांचा मेळ बसत नाही.

पुराचं गणित करून बघू. २००५ ते २०२४ या २० वर्षांत कोल्हापूरनं तीन मोठे महापूर पाहिले: २००५, २०१९, २०२१. म्हणजे एका वर्षाची शक्यता ढोबळमानानं वीसात तीन, १५ टक्के. आपल्या कामात मात्र पावसाळे दोन आहेत. दोन्ही कोरडे जाण्याची शक्यता १७/२० गुणिले १७/२०, साधारण ७२ टक्के. म्हणजे निदान एकदा महापूर गाठण्याची शक्यता सुमारे २८ टक्के. गुण ३. ऑफिसात बसून मी याला १ दिला असता, 'दरवर्षी थोडाच येतो' म्हणून. २०१९ नंतर दोनच वर्षांत २०२१ आला, हेही विसरू नका. पूर पाळी धरून येत नाही.

हाच गोंधळ पूररेषांबद्दल होतो. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत निषिद्ध क्षेत्र, निळ्या आणि लाल रेषेच्या मधे नियंत्रित क्षेत्र. 'शंभर वर्षांतून एकदा' ऐकून ग्राहक निर्धास्त होतो. पण दरवर्षी एक टक्का धरला तरी तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात ती शक्यता २६ टक्क्यांवर जाते. ग्राहकाला हे सरळ सांगा.

बाकी धोक्यांना असे आकडे मिळत नाहीत. तिथं तीन अनुभवी माणसांना वेगवेगळं विचारा आणि उत्तरांत फार अंतर पडलं तर सरासरी काढू नका. का फरक पडला ते विचारा. बहुधा एकाला काहीतरी माहीत असतं जे बाकीच्यांना नसतं.

पायरी ५ : परिणाम, रुपयांत आणि दिवसांत

इथंही अर्थ आधी ठरवा. ४ कोटींच्या कामाला मी असे टप्पे धरीन: पन्नास हजारांच्या आत किंवा दोन दिवस म्हणजे १, दोन लाख किंवा आठवडा म्हणजे २, आठ लाख किंवा तीन आठवडे म्हणजे ३, पंचवीस लाख किंवा दोन महिने म्हणजे ४, त्यापुढे ५. पैसे आणि दिवस यांतला जो मोठा, तो धरायचा. छोट्या बंगल्याला हे आकडे अर्थातच खाली येतील.

पायरी ६ : गुणाकार करा, क्रम लावा, आणि मग त्या क्रमाकडे संशयानं बघा

आपल्या उदाहरणाची यादी अशी येईल:

ग्राहकांचे हप्ते लांबल्यामुळे काम थांबणं: ४ × ४ = १६
पार्किंगमध्ये पुराचं पाणी शिरून साहित्य व यंत्रं खराब होणं: ३ × ४ = १२
टोळी सणाला जाऊन उशिरा परतणं: ५ × २ = १०
काळी माती अपेक्षेपेक्षा खोल निघून फुटिंग वाढणं: ३ × ३ = ९
सळईचे दर वाढणं: ३ × ३ = ९
शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन माल अडकणं: ३ × २ = ६
महापालिकेची जोते तपासणी लांबणं: ३ × २ = ६
गोदामात सिमेंटच्या काही गोण्या भिजणं: ५ × १ = ५

आता हे आकडे फसवतात कुठं ते बघा. १ × ५ आणि ५ × १ दोन्ही पाचच येतात. एक म्हणजे दर महिन्याला चार गोण्या भिजणं, दुसरं म्हणजे एकदाच, पण धंदाच बसेल असा फटका. त्यामुळे परिणामाला ५ मिळालेला कोणताही धोका, गुणाकार काहीही येवो, वेगळ्या रंगानं खूण करून वरच ठेवा.

दुसरं, इथं दोन धोके नऊ-नऊ गुणांवर आहेत. आधी कोणता? माती. सळईच्या दराबद्दल आज करण्यासारखं फारसं नाही आणि तो निर्णय पुढेही घेता येईल. मातीबद्दल मात्र जेसीबी अर्धा दिवस लावून प्लॉटच्या कोपऱ्यांत तीन चाचणी खड्डे घेतले की शंका फिटते, आणि एकदा फुटिंग भरलं की ती संधी गेली. गुण समान असतील तर ज्याची माहिती स्वस्तात मिळते आणि ज्याची वेळ लवकर निघून जाते, तो आधी धरा.

तिसरं, महिना बघा. पुराचा धोका जानेवारीत वरच्या नंबरला ठेवून काय करणार? शेतकरी पुष्य आणि आश्लेषा नक्षत्रांकडे डोळे लावून असतात, ते उगाच नाही. २०२१ चा पूर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आला, २०१९ चा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात. त्यामुळे मेमध्ये पूर पहिल्या नंबरवर, ऑक्टोबरमध्ये टोळीचा धोका पहिल्या नंबरवर. ऊस गळीत सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्ते भरतात, तेव्हा खडी आणि क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) साठवून ठेवण्याची ओळ वर येते. एकदा लावलेला क्रम वर्षभर तसाच ठेवू नका.

पायरी ७ : उपाय, एक नाव, एक तारीख आणि एक इशारा

धोक्याचं चार प्रकारे काहीतरी करता येतं: तो टाळायचा, कमी करायचा, दुसऱ्याकडे सोपवायचा किंवा डोळे उघडे ठेवून पत्करायचा. पुराच्या उदाहरणात पार्किंगमध्ये गोदामच न करणं म्हणजे टाळणं. मीटर पॅनेल आणि जनरेटर पुराच्या पातळीच्या वर बसवणं म्हणजे कमी करणं. बांधकामाचा सर्व-जोखीम विमा म्हणजे सोपवणं, पण पॉलिसीत पूर धरलाय का आणि सुरुवातीची किती रक्कम तुमच्या पदरी पडते, हे सही करायच्या आधी वाचा. राहिलेलं पत्करायचं, आणि तेवढी रक्कम बाजूला ठेवायची.

उपाय परवडतो का, हे साध्या गणितानं कळतं. पुरात २० लाखांचं नुकसान होणार असेल, तर २८ टक्क्यांप्रमाणे धोक्याची किंमत ५ लाख ६० हजार. उंचावर गोदाम, पंप, पॅनेल हलवणं यांना दीड लाख लागून नुकसान ८ लाखांवर येत असेल, तर उरलेल्या धोक्याची किंमत २ लाख २४ हजार. म्हणजे दीड लाख घालून ३ लाख ३६ हजारांचा धोका कमी केला. मालकाला 'सर, पूर येईल' म्हणून पटत नाही. हे गणित कागदावर मांडलं की पटतं.

प्रत्येक ओळीपुढे एकाच माणसाचं नाव लिहा. 'साईट स्टाफ' हे नाव नव्हे. आणि कधी हालचाल करायची त्याचा इशारा आधीच ठरवा, कारण पाणी दारात आल्यावर चर्चा करायला वेळ नसतो. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर फुटांत मोजली जाते, ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या वर. आमच्या नदीकाठच्या साईटवर मी असं लिहून ठेवतो: ३५ फुटांना सिमेंटची नवी गाडी घ्यायची नाही. ३९ ला गोदाम रिकामं, विजेच्या मोटारी आणि ड्रिल मशीन वर. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली आणि पाऊस चालूच असेल, तर पुढच्या पातळीची वाट न बघता कामगारांच्या शेडमधली माणसं हलवायची, आधी बायका-मुलं. कुठं हलवायची, त्या जागेच्या मालकाशी जूनमध्येच बोलून ठेवायचं. रात्री पातळी कोण बघणार, हेही नावानिशी लिहिलेलं असतं.

शेजारच्या जुन्या भिंतींसाठी माझा इशारा काचेचा असतो. खुदाईच्या आधी शेजाऱ्यांना सोबत घेऊन भिंतीचे फोटो काढायचे, असलेल्या तड्यांवर काचेची अरुंद पट्टी दोन्ही टोकांना घट्ट चिकटवायची आणि तिच्यावर तारीख लिहायची. भिंत जराशी हलली तरी काच तडकते. ती रोज सकाळी बघायचं काम मी खुदाईच्या टोळीतल्याच माणसाला देतो. काच तडकली की त्यानं कुणालाही न विचारता खुदाई थांबवायची. त्याला तसा अधिकार आहे, हे मी मुकादमासमोर सांगतो.

पायरी ८ : सोमवारी वीस मिनिटं

दर सोमवारी काम सुरू होण्याआधी मुकादम, सेंट्रिंगवाला, सुपरवायझर यांना उभ्या उभ्याच बोलवा. लाल पान पूर्ण वाचा. पैशाच्या यादीतले वरचे पाचच. नवीन काय दिसलं, ते प्रत्येकाला बोलू द्या, सगळ्यात नव्या बिगाऱ्यालाही. जो धोका टळला त्यावर रेघ मारून तारीख टाका, खोडून टाकू नका. पुढच्या कामाला त्याच रेघा उपयोगी पडतात.

इमारत ताब्यात देताना वही बंद करून ठेवू नका. सोसायटीच्या पहिल्या अध्यक्षांना सोबत घेऊन पार्किंगमध्ये जा. पुराच्या पातळीची खूण खांबावर रंगानं मारून दाखवा, ड्रेनेज उलटं येऊ नये म्हणून बसवलेला व्हॉल्व्ह कुठं आहे आणि पावसाळ्याआधी तो कसा साफ करायचा ते त्यांच्या हातून करून घ्या. पाण्याच्या टाकीचं झाकण, लिफ्ट कोणत्या मजल्यावर नेऊन बंद ठेवायची, मीटर कुणी आणि कधी बंद करायचे, हे एका पानावर लिहून जिन्याच्या भिंतीवर लावा. पहिल्या जूनमध्ये एकदा जाऊन व्हॉल्व्ह साफ झालाय का, ते बघून या.